बिनचिठ्ठीची गोळी

सदरमध्ये रेसिडेन्सी रोडवर चहा पिताना मित्राने खिशातून अश्वगंधाची डबी काढली. तो पायलट व्हायचं ट्रेनिंग घेतोय, डोक्यावर कर्ज आहे. दोन महिने झाले, झोप नाही, कशात मन नाही.

"डॉक्टरला दाखव ना बे," मी म्हटलं.

"अन् मेडिकलच्या फॉर्मवर काय लिहू? ही तर जडीबुटी आहे. हिची चिठ्ठी नसते. तू कोणाला सांगू नको."

मी हो म्हटलं. नंतर लक्षात आलं, त्या डबीचा त्याला वाटणारा मोठा गुण हाच होता: तिची कुठे नोंद नव्हती.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असं आपण धरून चालतो. पण अश्वगंधाने काहींना गुंगी येते. युरोपात सौम्य नैराश्यावर सेंट जॉन्स वर्ट घेतात. तिच्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. जे गुण देतं, ते अपायही करू शकतं.

नियमामागची भीती खोटी नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये आदळवलं. १५० जण गेले. त्याने आजारपण कंपनीपासून लपवलं होतं. त्या विमानात माझी आई असती तर?

पण मी सॉफ्टवेअर लिहितो. एरर नोंदवणाऱ्यालाच शिक्षा केली तर एरर थांबत नाहीत, फक्त लॉग रिकामा दिसतो. विमानवाहतुकीला हे कधीच कळलंय: अमेरिकेत १९७६ पासून नासा वैमानिकांच्या चुकांचे अहवाल नाव गुप्त ठेवून घेते. उदासीला अशी सवलत फार उशिरा मिळाली. २०१० मध्ये तिथे नैराश्यावरच्या चार ठरावीक औषधांसह, देखरेखीखाली, उडायची वाट उघडली. आपल्याकडे डीजीसीएने वैमानिकांच्या मानसिक आरोग्याबद्दल सूचना काढल्या त्या २०२३ मध्ये.

म्हणजे मित्राच्या खोटेपणात व्यवस्थेचाही वाटा आहे. पण विमान व्यवस्था चालवत नाही, तो चालवतो. आणि गप्प बसलो तर तिसरा वाटा माझा.

म्हणून दिलेला शब्द मी अर्धा मागे घेतला. त्याला सांगितलं, "डॉक्टरकडे मी सोबत येतो. फी मी देतो. वर्ष वाया गेलं तरी मी आहे. पण न दाखवता उडालास, तर क्लबला फोन करीन. आधीच सांगून ठेवतो."

तो चहा अर्धवट टाकून गेला. चार दिवस झाले, मेसेजवर निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.

मी दोन जणांची वेळ घेऊन ठेवली आहे.