अर्धे शास्त्र

अर्धवट विद्या घातक असते, हे वाक्य आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुतः जगातील बहुतेक विद्या अर्धवटच दिली व घेतली जाते. आईस वैद्यक येत नसते, तरी तापाने फणफणलेल्या मुलास कसे सांभाळावे हे तिला सांगावे लागते. शेतकऱ्यास रसायनशास्त्र येत नसते, तरी खताचे प्रमाण सांगावे लागते. तेव्हा विचार करावयाचा तो एवढाच की, अशी विद्या देणाऱ्यावर कोणते कर्तव्य येऊन पडते? गेली अनेक वर्षे मी असेच अर्धे शास्त्र शिकवीत आलो आहे आणि एकदा त्याचे फळ मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हा प्रश्न वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करतो.

माझा व्यवसाय इमारतींच्या बळाचा हिशेब करण्याचा: तुळई किती खोल असावी, खांब किती जाड असावा, त्यांत लोखंड किती घालावे. आठवड्यातून दोन दुपारी मी एका वास्तुकला महाविद्यालयात हा विषय शिकवावयास जातो. माझे विद्यार्थी पुढे वास्तुविशारद होतात. इमारतीचे रूप ते कल्पितात आणि तिचा हिशेब माझ्यासारखा एखादा अभियंता करतो. ही वाटणी आपल्याकडे फार जुनी नव्हे. गावचा सुतार व गवंडी घराचे रूपही ठरवीत आणि त्याचे बळही. पुढे 1854 मध्ये पुण्यास अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, 1857 मध्ये मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाची कलाशाळा निघाली, आणि वास्तुकलेचे शिक्षण ह्या कलाशाळेच्या अंगणात वाढले. एका संसारातल्या दोन विद्या अशा दोन बिऱ्हाडी नांदू लागल्या.

त्यामुळे दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, हिशेब दुसराच कोणी करणार, मग आम्ही हे कशाला शिकावयाचे?" ह्या प्रश्नावर मी एक सोयीचा तोडगा काढला होता. गणित थोडके शिकवावे आणि स्थूल नियम भरपूर द्यावेत. तुळईची खोली तिच्या लांबीच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढी धरावी. भार वरून खाली सरळ वाटेने उतरू द्यावा. आणि छप्पर शक्य तितके हलके ठेवावे. हे नियम मुलांना आवडत. परीक्षेत ते उपयोगी पडत, आणि आपण काही तरी शिकविले असे समाधान मलाही मिळे.

शेवटचा नियम शिकविताना मी नेहमी किल्लारीचा दाखला देत असे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्यात सुमारे 8000 माणसे दगावली. त्यांतली बहुतेक आपल्याच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, आणि वर लाकडी सांगाड्यावर हातभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर भूकंपात काळ ठरले. कारण जितके वजन अधिक, तितका धक्क्याचा जोर अधिक. हे ऐकताना वर्ग स्तब्ध होई, आणि मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे: छप्पर हलके असावे.

त्या वर्गात दापोली तालुक्यातील बुरोंडीची एक मुलगी होती. प्रवासी आज परशुरामाचा भव्य पुतळा पाहण्यासाठी ज्या बुरोंडीस जातात, तेच हे मच्छीमारांचे गाव. तिच्या वडिलांना घराचे जुने छप्पर बदलावयाचे होते. कौले फुटली होती, वासे जुने झाले होते. मुलगी वास्तुकला शिकत होती. तिने फळ्यावरचे वाक्य घरी सांगितले. कौले उतरली, पत्रे चढले. खर्चही वाचला.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यासही त्याने झोडपून काढले. त्या वर्षाच्या अखेरीस मी बुरोंडीस गेलो, तेव्हा ते घर मला पाहावयास मिळाले. जांभ्याच्या भिंती जशाच्या तशा होत्या. त्यांवर चढविलेले पत्रे मात्र रिपांसह उचलले जाऊन पलीकडच्या नारळीच्या बागेत पडले होते. शेजाऱ्यांची कौलेही उडाली होती; परंतु कौल उडते ते एकेक, आणि पत्रा जातो तो आपल्या सोबत्यांना घेऊन.

ह्याचे गणित दोन ओळींचे आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारे 47 किलो वजनाएवढा होतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. असा वारा उतरत्या छपरावरून वाहताना त्याला खाली दाबण्याऐवजी पुष्कळदा वर ओढतो. कौलारू छप्पर ह्या ओढीला आपल्या वजनाने बऱ्याच अंशी तोंड देते. पत्र्याचे वजन चौरस मीटरास पाचसहा किलो; त्याला वजनाचा आधार नाही. म्हणून पत्रा रिपेला, रीप वाशाला आणि वासा भिंतीला घट्ट जखडावा लागतो. त्या घरी होते ते जुन्या वाशांत ठोकलेले खिळे. भार वरून खाली उतरतो असे मी वर्षानुवर्षे शिकविले. तो खालून वरही जातो, हे सांगावयास मला वेळ झाला नव्हता.

मुलीच्या वडिलांनी मला ओटीवर बसवून शहाळे दिले. म्हणाले, "सर, देवाने माणसे राखली. पत्रे काय, पुन्हा येतील." त्यांनी दोष दिला असता तर मला बरे वाटले असते. मुलगी मला वाटेपर्यंत पोहोचवावयास आली. ती म्हणाली, "सर, मी विचारले असते तर तुम्ही सांगितलेच असते. पण इथे काही विचारायला हवे, हेच मला कळले नाही."

परतीच्या वाटेवर मी स्वतःचा पुष्कळ बचाव केला. विषय मोठा, तास थोडे. जो नियम मी सांगितला तो भूकंपापुरता खोटा नव्हता. पत्रे बसविणाऱ्याने ते नीट जखडावयास हवे होते. ह्यांतील प्रत्येक म्हणणे खरे आहे. तरीही सगळी मिळून माझी सुटका होत नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे 17 जुलै 1981 रोजी एका हॉटेलातील लटकते मार्ग कोसळून 114 माणसे मेली. एका लांब दांड्याऐवजी दोन आखूड दांडे वापरण्याचा बदल मध्येच झाला होता, आणि त्यामुळे एका सांध्यावरचा भार दुप्पट झाला होता. तो बदल कागदावर सर्वांच्या हातांखालून गेला, परंतु त्याचा हिशेब कोणी पुन्हा मांडला नाही. काम वाटून घेता येते; उत्तरदायित्वाची मात्र वाटणी केली की मध्ये एक फट राहते, आणि भार नेमका तीच शोधून काढतो.

माझा दोष अर्धे शिकविण्यात नव्हता. ते अर्धे आहे हे लपविण्यात होता. नियम सांगताना मी त्याची हद्द सांगितली नाही. हद्द सांगितली की नियमाचा रुबाब कमी होतो आणि शिक्षकाचाही. बुरोंडीच्या बंदरात होडीवर नव्याने जाणाऱ्या पोराला समुद्राचे सारे शास्त्र कोणी शिकवीत नाही. परंतु पाण्याखाली खडक कोठे आहेत, आणि कोणत्या वाऱ्यात होडी हाकारावयाची नाही, हे त्याला आधी कळते. त्याची विद्या अपुरी असते, पण आपली विद्या कोठे संपते हे त्याला ठाऊक असते. जी विद्या आपल्या सीमेपाशी पोहोचताच माणसास थांबवून "आता विचार" असे सांगते, ती अर्धी असली तरी घातक नव्हे. जी सीमा दाखवीत नाही, ती पाऊण असली तरी घातकच.

तेव्हापासून मी नियम निम्म्याने कमी केले आहेत. प्रत्येक नियमाखाली फळ्यावर दुसरी ओळ लिहितो: हा कोठे लागू नाही? परीक्षेतही तोच प्रश्न घालतो, आणि मुले त्याला नाखूश असतात. बुरोंडीच्या घरावर आता पुन्हा पत्रेच आहेत, पण ते रिपांना हुकांनी व वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधले आहेत. तो आराखडा त्या मुलीने काढला व मला तपासावयास पाठविला. मी तो तीनदा तपासला.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या वर्षापूर्वी माझ्या हातून शिकून बाहेर पडलेले शेकडो विद्यार्थी आज ठिकठिकाणी घरे बांधीत आहेत. छप्पर हलके असावे, हे त्या सर्वांच्या वहीत माझ्या शब्दांत लिहिलेले आहे. दुसरी ओळ त्यांच्यापैकी कोणाच्याच वहीत नाही.