चिमूटभर मीठ आणि आपली विहीर

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरांत पुरता एकही नाही. हा आकडा निघाला की आपल्यात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आपण एवढे थोडे, आपल्याने काय होणार? दुसरा म्हणतो, आमच्या शाळा बघा, दवाखाने बघा! पहिला सूर निराशेचा, दुसरा अभिमानाचा. पण जगावर प्रभाव पाडण्याचे काम दुसऱ्या कुणाचे तरी आहे, हे दोघांनीही धरून चाललेले असते. शाळा सिस्टरांनी चालवायची, दवाखाना धर्मप्रांताने. आपण मिस्साला यायचे आणि घरी जायचे.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना मीठ म्हटले, तेव्हा ते शिष्य तरी कितीसे होते? मीठ चिमूटभरच लागते. मात्र ते बरणीत राहून चालत नाही. जे मीठ नाही त्यात जाऊन त्याला विरघळावे लागते. चर्चचे आवार, आपल्या संघटना, आपली आळी ही झाली बरणी. बरणी हवीच, नाहीतर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते! पण चव लागते ती बरणीबाहेर. चौथ्या शतकात सम्राट जुलियनला रोमचे जुने देव पुन्हा प्रतिष्ठित करायचे होते. त्याने आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे, की हे गालिली लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाच्या तोंडून निघालेली अशी साक्ष फार मोलाची असते.

इथे एक अडचण उभी राहते. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. आणि सहाव्यात सांगतो की उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका. मग चांगुलपणा दाखवायचा की झाकायचा? आम्हाला असे वाटते की दान झाकावे, कारण त्यात घेणाऱ्याची लाज राखायची असते. पण जिथे सर्वांच्या हक्काची गोष्ट सर्वांदेखत लुटली जाते, तिथे गुपचूप सज्जन राहण्याला नम्रता म्हणता येत नाही. त्याला भित्रेपणा म्हणतात.

आपल्या वसईचेच घ्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेसुमार बांधकाम आणि टँकरने होणारा पाण्याचा उपसा याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. २०२४ साली आपल्यातून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या अग्रभागी होते. पण ते आंदोलन काही फक्त चर्चचे नव्हते. त्यात सर्व धर्मांचे लोक होते, कारण विहीर आटताना मालकाचा धर्म विचारत नाही.

तरीही आंदोलनाने न सुटणारा एक प्रश्न प्रत्येक वाडीत शिल्लक राहतोच. विहीर माझी, सातबारा माझा, विजेचे बिल मी भरतो; मग पाणी कुणाला विकायचे ते मी ठरवीन, यात पाप कसले? प्रश्न सोपा नाही. केळी नि पानवेल परवडत नाही, मुलांच्या फिया भरायच्या आहेत. शिवाय टँकरची वाट पाहणारी नव्या इमारतीतली बाई खरोखरच तहानलेली आहे. ती आपली शत्रू नाही.

पण जमिनीखाली बांध नसतो. माझ्या विहिरीत येणारे पाणी शेजाऱ्याच्या वाडीखालूनही येते, आणि समुद्र इतका जवळ की गोडे पाणी उपसले की खारे आत शिरते. एकदा खारट झालेली विहीर आपल्या हयातीत पुन्हा गोडी होईल याची खात्री नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले की देवाने पृथ्वीची संपत्ती सर्वांसाठी दिली आहे, आणि मालकीहक्क त्या हेतूला धरूनच वापरायचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याच्या पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले. तहानलेल्याला पाणी देणे आणि शेजाऱ्याचा तळ दिसेपर्यंत मोटर चालू ठेवणे, यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर कायद्यापेक्षा विहीरमालकालाच जास्त चांगले कळते. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या विहिरीत डोकावून पाहिले तरी पुरे.

इमारतींत राहायला गेलेल्या आपल्या कुटुंबांनाही हे लागू आहे. बावखले बुजली, पण गच्चीवरचा पाऊस आजही पडतो आणि थेट गटारात जातो. तो जमिनीत मुरवण्याचा विषय सोसायटीच्या सभेत काढणारे कुणीतरी लागते. खर्च निघाला की चार जण नाराज होणार, हे धरूनच चालावे. या सभा बहुधा रविवारी सकाळी, नेमक्या मिस्साच्या वेळेला ठेवलेल्या असतात. वेळ बदलून मागता येते.