ध्वनिमुद्रणातील पारदर्शकता : एक नैतिक प्रश्न

तुळजापूरच्या गोंधळाचे ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या संशोधकापुढे दोन पर्याय असतात : ध्वनी जसाच्या तसा टिपणारा ‘पारदर्शक’ मायक्रोफोन आणि आवाजाला ऊब व गोलाई देणारा, म्हणजेच त्यावर रंग चढवणारा मायक्रोफोन. संशोधनासाठी पहिला, रंजनासाठी दुसरा, ही विभागणी वरवर पाहता निर्विवाद वाटते. ती तशी आहे काय?

गोंधळात संबळ, तुणतुणे, झांज, नाईकाचे निरूपण आणि श्रोत्यांचा प्रतिसाद एकाच वेळी घडत असतो. एकाच दिशेचा ध्वनी घेणारा मायक्रोफोन गायकाच्या तोंडाशी धरला, की खर्जाचा अंश वाढून आवाज भारदस्त होतो आणि भोवतालची माणसे पुसट होतात. सर्व दिशांचा ध्वनी घेणारा मायक्रोफोन मध्यभागी ठेवावा, तर हे टळते. पण संबळाखाली शब्द बुडतात. म्हणजे यंत्र कितीही निर्मळ असले, तरी गोंधळ ही संहिता आहे की विधी, याचे उत्तर ते कोठे ठेवले यातूनच दिले जाते.

हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. अशा मुद्रणात जात्याची घरघर अडथळा मानली तर ओवी केवळ गीत उरते; साथ मानली तर त्यात बाईचे श्रमही ऐकू येतात. मराठवाडी बोलीतील रूपे ‘शुद्ध’ करून छापणारा संपादकही असाच रंग चढवीत असतो.

मग सर्वच मुद्रणे सारखीच रंगीत, असे म्हणावे काय? हा निष्कर्ष सोयीचा, पण चुकीचा आहे. मायक्रोफोनचा प्रतिसाद किती सपाट आहे हे मोजता येते. तो कोठे ठेवला होता हे नोंदवता येते. मुद्रणातच मिसळलेला गोडवा मात्र पुढच्या अभ्यासकाला नेमकेपणाने वेगळा काढता येत नाही.

खरा पेच पुढेच आहे. रात्रभर गाऊन घोगरा झालेला आपला आवाज ऐकून गायकानेच गोड केलेली प्रत मागितली, तर? त्याचा घोगरेपणा ‘अस्सल’ म्हणून जपण्याचा अधिकार संशोधकाला कोणी दिला? मूळ मुद्रण अभ्यासासाठी राखावे, तेही त्याच्या संमतीने. लोकांपुढे कोणती प्रत जावी, हे मात्र ज्याचा आवाज आहे त्याने ठरवावे. पारदर्शकतेची अपेक्षा यंत्राकडून करणाऱ्याने ती आधी या व्यवहारात पाळली पाहिजे.