ऐब झाकण्याची हद्द

दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेजाऱ्याचे उणे चव्हाट्यावर आणणाऱ्याला आपल्याकडे हलका समजतात, आणि ते योग्यच आहे. पण व्यसनमुक्ती केंद्रात नोकरी करताना हीच शिकवण आम्हाला वारंवार कोड्यात टाकते.

आम्ही मूळचे दासगावचे. घाट चढून पुण्याला आलेले महाड-पोलादपूरकडचे आईबाप आमची बोली ओळखतात आणि आधी हेच म्हणतात, "भाई, गावात कळू देऊ नका." पोरगा मुंबईला कामाला लागला, असे मोहल्ल्यात सांगून ते आलेले असतात. त्याआधी बापाने त्याची उधारी गुपचूप फेडलेली असते. आईने बांगड्या मोडलेल्या असतात. हे सारे मायेपोटी घडते, पण फेडलेल्या उधारीतूनच पुढच्या पुडीची सोय होते. जुलै २००५ मध्ये दासगावावर दरड कोसळली. डोंगराची भेग गवताने झाकली म्हणजे बुजत नाही, हे आमच्या गावाला कोणी शिकवायला नको.

मग झाकणे पुण्य की पाप? आमच्या मते, कोणापासून झाकले यावर ते ठरते. लोकांपासून झाकल्याने इज्जत राखली जाते. डॉक्टरपासून झाकल्याने रोग राखला जातो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेत पूर्ण नाव सांगत नाहीत, व्यसन मात्र सर्वांसमोर कबूल करतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून सुटलेले कितीतरी जण पुढे कार्यकर्ते झाले. आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देतो. कबुलीची वाट कायद्यानेही मोकळी ठेवली आहे.

खरी कसोटी पुढे लागते. बरा होऊन गेलेल्या पोराचे लग्न ठरू लागते आणि मुलीकडचे आमच्याकडे चौकशीला येतात. बोललो तर उद्या कोणी आईबाप आमच्या दारात येणार नाहीत. गप्प बसलो तर एका मुलीचा संसार डावावर लागतो. व्यसन पुन्हा उलटू शकते, हे आम्हाला ठाऊक असते.

आम्ही एक रीत धरली आहे. त्या पोराचा ऐब आम्ही सांगत नाही, पण त्याच्या चांगुलपणाची ग्वाहीही देत नाही. त्याला बोलावून सांगतो, "बाबा, निकाहाआधी तूच सांग." तौबा त्याची, तेव्हा जबानही त्याचीच हवी. काही जण सांगतात, आणि मुलगी सारे जाणून होकार किंवा नकार देते. काही जण सांगत नाहीत. त्यांच्या निकाहाची दावत आली तर आम्ही जात नाही.