पडत्या काळातली श्रद्धा

संकटात धीर धरावा आणि देवावर भरवसा ठेवावा, ही शिकवण सर्वच धर्मांत आहे. ती पाळायची कशी, याचा तपशील मात्र फार थोड्या चरित्रांत सापडतो. तुकोबांच्या चरित्रात तो सापडतो. आपल्यावर काय कोसळले आणि त्यानंतर आपण काय काय केले, हे त्यांनी एका आत्मचरित्रपर अभंगात ओळीने सांगून ठेवले आहे. स्वतःविषयी बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशा संकोचाने दिलेली ही हकिकत धीर या गुणाचा अर्थ पायरी-पायरीने उलगडते.

देहूच्या मोरे घराण्याकडे पेठेची महाजनकी होती. शेती, वाण्याचे दुकान आणि सावकारीही होती. विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, त्यामुळे प्रपंचाचा भार तुकोबांवर लहान वयातच आला. पुढे वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांचे निधन झाले. सावजींची पत्नी वारली आणि तेही घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. घराची घडी अशी विस्कटलेली असतानाच १६३० चा दुष्काळ आला. १६०८ हे जन्मसाल धरले, तर तुकोबा तेव्हा जेमतेम बाविशीचे होते.

त्या वर्षी गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. त्यातच मोगल आणि निजामशाही यांचे युद्ध चालू होते, आणि याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळून उजाड केले. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशाहनाम्यात या दुष्काळाचे वर्णन केले आहे. मेलेल्यांची हाडे कुटून ती पिठात मिसळली जात होती, असे तो नोंदवतो. या काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. परंपरेनुसार तिला दम्याचाही विकार होता. तिच्या पाठोपाठ लहानगा मुलगा संतूही गेला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पत गेली. या सगळ्याची लाज वाटली, असे तुकोबा स्वतः सांगतात. संकट माणसाचे अन्न हिरावते, तसे लोकांत ताठ मानेने वावरण्याचे बळही हिरावते. ही दुसरी हानी सहसा कोणी बोलून दाखवत नाही. तुकोबांनी ती बोलून दाखवली. जे गेले ते गेले असे स्वच्छ म्हणणे ही धीराची पहिली पायरी होय. दुःख नाकारून धीर येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे हाताशी असलेले काम उचलणे. पूर्वजांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते. ते दुरुस्त करावे असे तुकोबांच्या मनाने घेतले. घर कोसळलेल्या माणसाने देवळाची डागडुजी हाती घ्यावी, यात श्रद्धेचे एक मर्म आहे. देव आपले काम कधी करील याची वाट पाहत न बसता त्यांनी देवाचे काम सुरू केले. एकादशीला कीर्तन करायचे ठरवले, पण सुरुवातीला अभ्यासात चित्त लागत नव्हते. मग संतांची काही वचने आदराने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. मन लागत नसतानाही नेम चुकवला नाही. दुःखाने खचलेल्या माणसाकडून एकाएकी भक्तीचा उमाळा येईल अशी अपेक्षा करणे चूक आहे, पण मागे उभे राहून सूर धरण्याइतके बळ बहुतेकांत उरलेले असते. तेवढ्यापासून सुरुवात करता येते.

तिसरी पायरी म्हणजे आपल्या दुःखातून दुसऱ्याचे दुःख ओळखणे. अठराव्या शतकातील संतचरित्रकार महिपती यांनी जपलेली कथा अशी : वडिलांच्या सावकारीतील कर्जखते घरात होती. धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांच्या वाट्याची खते देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. दिवाळे निघालेल्या माणसाला ही येणी वसूल करण्याची गरज सर्वांत जास्त होती. पण ज्यांच्याकडून वसुली करायची, तीही त्याच दुष्काळाने पोळलेली कुळे होती. संकट काहींना कठोर करते, काहींना कनवाळू. श्रद्धा खरी की केवळ स्वतःपुरता दिलासा, याची कसोटी इथे लागते.

चौथी गोष्ट देवाशी असलेल्या नात्याची. देवावर विश्वास म्हणजे देवापुढे गप्प बसणे, असा एक समज आहे. तुकोबांची गाथा तो पुसून टाकते. साडेचार हजारांच्या वर अभंगांमध्ये त्यांनी विठ्ठलाला निष्ठुर म्हटले, त्याच्याशी भांडण मांडले, तो असून नसल्यासारखा असल्याचे तोंडावर सुनावले. एवढे करून बोलणे मात्र तोडले नाही. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही, त्याला सोडून देतो. म्हणून संकटात देवाविषयी तक्रार करणारा माणूस नास्तिक झाला असे समजू नये. ती तक्रारही प्रार्थनाच असते.

पाचवी गोष्ट अशी, की धीराची परीक्षा एकदाच होत नाही. कवित्व बहरात आले तेव्हा वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी शूद्राच्या या वाणीला आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबांनी काठावर धरणे धरले आणि परंपरेनुसार तेरा दिवस अन्नपाणी घेतले नाही. वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्यांनी प्रतिपक्षाला शिव्याशाप दिले नाहीत आणि आपल्या वाणीवरचा हक्कही सोडला नाही. अन्यायापुढे मान तुकवणे आणि धीर धरणे यांत हाच फरक आहे. पुढे तेच रामेश्वरभट्ट तुकोबांचे अनुयायी झाले.

या चरित्रात आणखी एका व्यक्तीचा धीर आहे आणि त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनात बसत, तेव्हा दुसरी पत्नी जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत असे, असे परंपरा सांगते. घरात दाणा नसताना पोराबाळांच्या तोंडी घास घालणे तिच्याच माथी होते. ती विठ्ठलावर रागवायची, म्हणून तिला कजाग ठरवले गेले. एकाच्या साधनेचा भार दुसऱ्याने उचललेला असतो, हे विसरून केलेले धैर्याचे कौतुक अपुरे असते. आजही घरात आजारपण येते, पीक जाते, नोकरी सुटते, तेव्हा सर्वांत जास्त धीर ज्याला धरावा लागतो, त्याचे नाव बहुधा कोणी घेत नाही.

शेवटी एक सावधगिरी आवश्यक आहे. दिवाळे निघाले, दुष्काळाने छळले, ते बरेच झाले, कारण त्यामुळे देवाची आठवण राहिली, या आशयाचा तुकोबांचा अभंग प्रसिद्ध आहे. तो अभंग सोसलेल्या माणसाने, सोसून झाल्यावर, स्वतःविषयी म्हटला आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन, त्याच्या घरचे माणूस गेलेले असताना, झाले ते बऱ्यासाठीच असे म्हणण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. धीर स्वतःपुरता धरायचा असतो. दुसऱ्याला द्यायचा असतो तो आधार : धान्य, पैसा, वेळ, सोबत. दुःखाचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, आणि तो लावेपर्यंत इतरांनी त्याच्या शेजारी बसायचे. देवावरची श्रद्धा कठीण काळात टिकते ती अशा शेजारामुळेही. म्हणून ज्याचे दिवस बरे चालले आहेत, त्याच्यासाठी श्रद्धेचे पहिले कर्तव्य पडत्या काळातल्या माणसाचा हात धरणे हेच आहे.