कार्तिक ते माघ : कृतज्ञतेचा ऋतू

भाविक भक्तहो,

देवस्थानाच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसाला वर्षभर एक प्रश्न विचारला जातो, "दर्शनाला केव्हा यावे?" देवाचे द्वार बाराही महिने उघडे आहे. तथापि ज्यांना या भूमीचा देव आणि या भूमीचा माणूस एकत्र पाहावयाचा असेल, त्यांनी हिवाळ्यात यावे.

याचे कारण आपल्या शेतात आहे. पेण, रोहे, कोलाड, खांब हा सारा भाताचा मुलूख. भाद्रपदात गणराय घरोघरी येतात तेव्हा पीक अजून खाचरात उभे असते. त्या वेळच्या प्रार्थनेत काळजी असते. लोंबी भरू दे, कापणीच्या तोंडावर पाऊस नको, असे मागणे असते. आश्विनातील नवान्न पौर्णिमेला नव्या लोंब्या दाराला बांधल्या जातात. पुढे कापणी होते, झोडणी होते, भात कणगीत पडते आणि मगच जत्रांना आरंभ होतो. म्हणजे हिवाळ्यातील आपले उत्सव हे पदरात पडल्यानंतरचे उत्सव आहेत. मागणे संपले, आता आभार मानावयाचे, हा त्यांचा भाव आहे.

त्रिपुरारी पौर्णिमेला दीपमाळा उजळतात. कार्तिक वद्य एकादशीला खोपोलीजवळ साजगाव येथे विठ्ठलाची मोठी यात्रा भरते. पंढरपूर ज्यांना दूर, त्यांच्यासाठी विठूराया जणू घाट उतरून आला आहे. या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार असतो म्हणून लोक देवाला लाडाने 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडेरायाचा येळकोट होतो, दर गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचा घट मांडला जातो आणि पौर्णिमेला चौलच्या दत्तटेकडीच्या पायऱ्या माणसांनी फुलून जातात. पौषात संक्रांत, माघात गणेशजयंती आणि रथसप्तमी. शेवटी माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र. त्या दिवशी श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरी, दक्षिण काशीत, हर हर महादेवचा गजर समुद्राच्या गाजेत मिसळतो.

येथे यात्रेकरूंसाठी एक सूचना. संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. इतर उत्सव तिथीप्रमाणे होतात व त्यांची तारीख दरवर्षी बदलते. माघी चतुर्थी २०२५ साली १ फेब्रुवारीला होती, तर २०२६ साली २२ जानेवारीला आली. म्हणून निघण्यापूर्वी पंचांग अवश्य पाहावे. माघी उत्सवासाठी पालीच्या बल्लाळेश्वराला जाणाऱ्यांनी खांबहून महामार्गाने उत्तरेस सुकेळी खिंड ओलांडून वाकणला यावे; तेथून पालीचा रस्ता फुटतो.

याच दिवसांत महामार्ग सोडून जरा आत गेलात, तर भात कापलेल्या खाचरांत वालाची हिरवी रोपे दिसतील. या पिकाला पाऊस मिळत नाही. पावसाळ्यात जमिनीने जो ओलावा पोटात धरून ठेवला, त्यावर आणि पहाटेच्या दवावर वाल वाढतो. शेंगा भरल्या की रात्री शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरतात, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी आणि मीठ घालतात, वरून पुन्हा पाला कोंबतात आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा एक थेंबही घालावा लागत नाही. शेंगा आपल्याच अंगच्या ओलाव्यावर शिजतात.

भाविकहो, भक्तीचेही असेच आहे. संकटात हात जोडणे सोपे, कारण तेव्हा आभाळ भरून आलेले असते. सर्व काही सुरळीत झाल्यावर, पावसाचे चार महिने मागे पडल्यावर, अंतःकरणात किती ओलावा उरला हेच खरे पाहावयाचे असते.

या संदर्भात स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षातील एका गुरुवारी एक वृद्ध माउली कार्यालयात आल्या. फडक्यात बांधलेले पायलीभर नवे तांदूळ मेजावर ठेवून म्हणाल्या, "भाऊ, देवाचा वाटा." मी पावतीपुस्तक उघडले. त्यात रकमेचा रकाना होता, धान्याचा नव्हता. हिशेबाची अडचण पुढे करून मी म्हणालो, "आजी, तांदूळ घरी न्या. जमेल तेवढी रक्कम द्या." त्या रागावल्या नाहीत. "पैसे मुलगा मुंबईहून पाठवतो, ते त्याचे. हे माझ्या खाचरातले," एवढेच बोलल्या आणि गाठोडे उचलून निघाल्या. मी त्यांना थांबवले नाही.

दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत भात वाढला गेला. तो बाजारातून आणलेल्या तांदळाचा होता. तो घास माझ्या घशाखाली उतरेना. देवाला जे हवे होते ते मी दारातून परत पाठवले आणि जे विकत मिळते ते त्याच्यापुढे मांडले. पुढील वर्षी पावतीपुस्तकात धान्याचा रकाना छापून घेतला. त्या माउली मात्र पुन्हा आल्या नाहीत.

दात्यांपैकी काही जण देणगी देताना नावाची पाटी लागेल का, असे विचारतात. पाटी लागते आणि त्यात गैर काही नाही. आईवडिलांचे नाव देवाच्या दारी राहावे, ही इच्छा पवित्रच आहे. विनंती एवढीच, की वर्षातून एकदा तरी काहीही न मागता या. नवा नवस बोलण्यापूर्वी कोणता फेडावयाचा राहिला आहे, ते आठवा. आणि आपल्या कष्टातील पहिला वाटा, मग तो रुपयांचा असो, तांदळाचा असो वा पंगतीत वाढण्याच्या एका तासाचा, हिवाळ्यात देवापुढे ठेवा.

रकाना आता आहे. आपली वाट पाहतो आहोत.

सर्वांचे कल्याण होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.

– सचिव, देवस्थान कार्यालय, खांब