अस्तराच्या आत

साधी पिशवी रिकामी झाली की खुंटीवर मान टाकते. तीत वांगी घातली तर ती वांग्यांचा आकार घेते, पुस्तके घातली तर पुस्तकांचा. उभी पिशवी मात्र रिकामी असतानाही ताठ असते. माणसांतही हे दोन प्रकार आढळतात; दुसरा आम्हा मास्तरांत अधिक, पण तो विषय वेगळा.

गेल्या भाऊबीजेसाठी मी अकोल्याच्या ताईला अशी एक उभी पिशवी हाताने शिवली. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून साध्या पिशव्या मी तिला पुष्कळ दिल्या. पण ती मुलाकडे पुण्याला जाते तेव्हा लोणच्याची काचेची बरणी सोबत असते, आणि साध्या पिशवीत बरणी कलंडते.

शिवण मी आईकडून शिकलो. माय माझ्या टाक्यांकडे पाहत नसे. दोन्ही बंद मुठीत धरून एक हिसका देई आणि पिशवी परत माझ्याकडे टाकी. तेवढीच परीक्षा.

उभ्या पिशवीचा ताठपणा उसना असतो. बाहेर जाड खादी, आत मांजरपाटाचे अस्तर, आणि दोहोंच्या मध्ये खळीने कडक केलेले बक्रम. हे बक्रम कापडापेक्षा चारी बाजूंनी पाव इंच लहान कापायचे, म्हणजे ते शिवणीत सापडत नाही. अस्तरही किंचित लहान, नाहीतर आत चुण्या पडतात. मेण लावलेल्या दोऱ्याने उलटी टीप घालायची. बंदांची टोके दोन इंच खाली आणून त्यांवर चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. सगळे झाले की तोंडाशी तुरपाई करून अस्तर मिटवायचे. मग आतले कोणालाही दिसत नाही.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री मी अस्तर मिटवले आणि अंथरुणावर पडलो, तेव्हा दोन गोष्टी आठवल्या. बुडाची एक शिवण वाकडी गेली होती, पण होती घट्ट. आणि एका बंदाची फुली राहिली होती. दोरा संपत आला म्हणून तीन टाक्यांवर भागवले होते.

कोणाला कळणार होते? देव पाहतो, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. त्या रात्री ते उत्तर मला पुरले नाही. त्याने देवाचा शाळातपासनीस होतो, आणि तपासनीस यायच्या दिवशी आम्ही फळे कसे पुसतो हे मला ठाऊक आहे.

मला आठवले ते गाडगेबाबा. १८७६ साली आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीपाशी गेले. अंगावर चिंध्यांची गोधडी. कोणी त्यांना चिंधेबुवा म्हणत, कोणी गोधडेबाबा. त्या वेषाला अस्तर नव्हते. प्रत्येक ठिगळाचा टाका चारचौघांसमोर. असा माणूस तुमच्याकडून विश्वास उसना मागत नाही. पाहा आणि ठरवा, एवढेच त्याचे म्हणणे. अस्तर लावणारा मात्र विश्वास आधीच घेऊन बसलेला असतो. ताई बंद धरणार होती ते फुली पाहून नव्हे, शिवणारा मी म्हणून.

मग वाकड्या शिवणीचे काय? ती मी तशीच राहू दिली. तिने ताईचे काही बिघडत नव्हते. ती उसवली असती तर माझ्या अहंकाराखातर, आणि त्याला सद्गुणाचे नाव मिळाले असते. आतले सारे बाहेरच्याइतकेच सुंदर असले पाहिजे हा आग्रह मला थोडा संशयास्पद वाटतो. कोणी वाचक उलट म्हणेल, म्हणो बापडा.

पहाटे चारला दिवा लावून तुरपाई उसवली. नवा दोरा मेणावला, फुली घातली, अस्तर पुन्हा मिटवले. बडनेऱ्याची सकाळची गाडी तेवढ्यात गेली.

अकोल्याला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. ताटातले निरांजन दुसऱ्यांदा लावलेले.

“काहून रे, एवढा उशीर?”

गाडी चुकली, असे मी सांगितले. ते खोटे नव्हते. पण का चुकली हे सांगितले असते तर फुलीची किंमत तिथेच वसूल करून घेतल्यासारखे झाले असते. (आता छापून येते आहे, म्हणजे वसुली झालीच म्हणायची.)

ओवाळून झाल्यावर ताईने पिशवी हातात घेतली. आत डोकावली नाही. दोन्ही बंद मुठीत धरले, मायसारखा एक हिसका दिला, आणि बरणी आणायला स्वयंपाकघरात गेली.